देणगी मागताना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. परंतु यंदा बालवाडीवर छप्पर घालायचे आहे आणि त्यासाठी आपल्याला दारोदार जावयाचे आहे, म्हणून चार शब्द बोलते.

मागायला जायचे म्हटले की आपला पाय अडखळतो. पण अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो लोकांच्या वर्गणीवरच चालला. पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. आश्रमाच्या निधीसाठी त्या गावोगाव हिंडल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. आपण स्वतःसाठी मागत नाही, मग लाज कसली?

लाज नसावी, पण अदब असावी. पुरुषमाणसे कामावर निघण्याच्या घाईत किंवा घर जेवायला बसले असताना जाऊ नये. दोघींनी मिळून जावे. काम काय, खर्च किती, जमले किती, हे आधी सांगावे. "शेजारच्यांनी पाचशे दिले" असे कधीही म्हणू नये. ती विनंती नव्हे, ती टोचणी झाली.

एका संस्थेने वर्गणीचे आकडे फळ्यावर लिहिले होते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईच्या नावापुढे अकरा रुपये होते. ते वाचून कोणी हसले. ती बाई पुन्हा तिथे फिरकली नाही. मुलीलाही तिने तिथल्या शिवणवर्गातून काढले. जिच्यासाठी संस्था, तीच दुरावली! भगिनींनो, त्या अकरा रुपयांत तिचा किती घाम होता, हे हसणाऱ्याला काय ठाऊक?

सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, हे आपण ऐकतो. पण अंताजीपंत काळे यांच्या पैसा फंडातून, लोकांच्या एकेका पैशातून, १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, हेही विसरू नये. म्हणून पावती दहा रुपयांचीही फाडावी आणि ती दोन्ही हातांनी द्यावी. रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला आयकराची सवलत मिळत नाही. तेव्हा अशी रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी, असे आपणच सांगावे.

कोणी नाही म्हटले तरी तोंड वाकडे करू नये. घरात आजारपण असेल, मुलांची फी भरायची असेल. दाराआडची अडचण आपल्याला कशी दिसणार? "बरं आहे, बालवाडी पाहायला तरी या," असे हसून म्हणावे. आणि छप्पर झाले की ज्यांनी दिले त्यांच्या घरी पुन्हा जावे, हिशेब दाखवावा. मागायला गेलेली बाई सांगायलाही आली, एवढ्यानेच माणसे जोडली जातात.

पावतीपुस्तके सोमवारपासून चिटणीसबाईंकडे मिळतील. प्रत्येकीने एक गल्ली घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.