मुक्या भावांची गाणी



1960 च्या दशकात अमेरिकेत ‘द अँडी ग्रिफिथ शो’ नावाची विनोदी मालिका घरोघरी पाहिली जायची. मेबेरी या काल्पनिक गावात घडणाऱ्या त्या मालिकेत अधूनमधून डोंगरातून एक कुटुंब खाली उतरायचं. त्यांचं आडनाव डार्लिंग. बाप बोलघेवडा, मुलगी लाडिक, आणि चार मुलगे असे की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मख्ख चेहऱ्यानं बसून राहायचे. बापानं फर्मावलं की वाद्यं उचलायचे आणि असं वाजवायचे की त्या मख्ख चेहऱ्यांवर आणि त्या बोटांवर एकाच वेळी विश्वास ठेवणं कठीण जावं. हे कुटुंब 1963 ते 1966 या काळात सहा भागांत दिसलं. चारही मुलगे नट नव्हते. तो एक खराखुरा वाद्यमेळ होता, ‘द डिलर्ड्स’. त्यांचं दुर्दैव असं की अमेरिकेतल्या बहुतेकांच्या लक्षात राहिले ते त्या मुक्या मुलांच्या सोंगातच.

1991 मध्ये व्हॅनगार्ड कंपनीनं ‘देअर इज अ टाइम’ या नावानं त्यांच्या 1963 ते 1970 मधल्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह काढला. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

चौघे जमले ते मिझुरी राज्यातल्या सेलममध्ये. ओझार्क डोंगररांगांच्या कुशीतलं हे छोटं गाव. डग्लस आणि रॉडनी डिलर्ड हे दोघे सख्खे भाऊ. वडील फिडल वाजवायचे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण गावच्या नाचासाठी वाजवलेलं. थोरल्या डगनं बँजो धरला, धाकट्या रॉडनीनं गिटार. मँडोलिनवर डीन वेब आणि डबल बेसवर मिच जेन. डग सांगत असे की गाडी चालवताना रेडिओवर पहिल्यांदा अर्ल स्क्रग्जचा बँजो कानावर पडला, आणि त्या नादात गाडी थेट रस्त्याकडेच्या चरात गेली. स्क्रग्जचं वाजवणं ऐकलेल्या कुणालाही ही आठवण अतिशयोक्त वाटणार नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत नख्या अडकवून तारांवर अशी फिरती लय उठवायची की एकच वाद्य दोन-तीन वाद्यांसारखं वाजावं. 1945 च्या शेवटी स्क्रग्ज बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये आला, आणि आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो त्याला आकार आला. विजेवर चालणारं वाद्य नाही, ड्रम नाही, आणि वर चढत जाणारे, थोडे कर्कश वाटावेत इतके टोकदार आवाज.

आता मिच जेनविषयी. हा गृहस्थ आधी एका खोलीच्या डोंगरी शाळेत मास्तर होता, आणि सेलमच्या स्थानिक रेडिओवर कार्यक्रम करायचा. त्या कार्यक्रमात तो साप आणि गोचिडांचे बाजारभाव सांगत असे. होय, साप आणि गोचीड! आज अमुक जातीच्या सापाला काय दर चालला आहे, गोचिडांना उठाव आहे की मंदी, हे सगळं अगदी गंभीर आवाजात. आपल्या आकाशवाणीवर कांदा-बटाट्याचे भाव ऐकत वाढलेल्या माणसाला यातली खुमारी वेगळी समजावून सांगायला नको. असा अट्टल बोलणारा माणूस दूरदर्शनवर वर्षानुवर्षं मुका बसवला गेला.

1962 मध्ये चौघांनी कॅलिफोर्नियाची वाट धरली. लॉस एंजेलिसच्या ‘ॲश ग्रोव्ह’ या लोकसंगीताच्या अड्ड्यावर ते वाजवू लागले. जिम डिक्सननं त्यांना ऐकलं आणि इलेक्ट्रा कंपनीशी करार झाला. हाच डिक्सन पुढे ‘द बर्ड्स’ या प्रसिद्ध रॉक बँडचा व्यवस्थापक झाला. 1963 मध्ये ‘बॅक पोर्च ब्लूग्रास’ ही पहिली तबकडी आली. संग्रहाची सुरुवात याच काळातल्या गाण्यांनी होते. ‘डूली’ हे चोरून दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्याचं गाणं इथलंच, आणि ‘द ओल्ड होम प्लेस’ही. हे दुसरं गाणं मिच आणि डीन वेब यांचं. पुढे 1975 मध्ये जे. डी. क्रो यांच्या बँडनं ते वाजवलं, आणि आज ब्लूग्रासच्या बैठकीत ते जुनं, परंपरेनं आलेलं असल्यासारखं वाजतं. खरं तर ते शिकल्यासवरल्या मास्तरच्या वहीतून आलं आहे.

(‘डग्ज ट्यून’मधला बँजोचा तुकडा ऐकवला.)

1964 ची ‘लाइव्ह... ऑलमोस्ट!’ ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडी. इथं मिच दोन गाण्यांच्या मध्ये जे बोलतो ती लोकनाट्यातली बतावणीच आहे. स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायचं आणि शहरी प्रेक्षकाच्या नकळत त्याचीच खिल्ली उडवायची. मला विचाराल तर ही तबकडी सलगच ऐकावी. निवडक संग्रहात गाणी येतात, त्यांच्यामधलं बोलणं तुटतं, आणि डिलर्ड्समधला अर्धा मसाला त्या बोलण्यात होता. 1965 च्या ‘पिकिन अँड फिडलिन’मध्ये तरुण फिडलवादक बायरन बर्लाइनला घेऊन केलेल्या जुन्या नाचाच्या धुना आहेत. उत्तम आहेत, पण माझ्यासारखा रसिक तिथं फार रेंगाळत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. मध्ये बँडनं कंपनी बदलली, कॅपिटलसाठी काही सुटी गाणी केली, पण त्यातून मोठी तबकडी निघाली नाही. मग ते इलेक्ट्राकडे परतले. तोवर डग बाहेर पडला होता. 1968 मध्ये तो बर्ड्सबरोबर युरोपात बँजो वाजवून आला, आणि बर्ड्सचा जुना गायक जीन क्लार्क याच्याबरोबर त्यानं ‘डिलर्ड अँड क्लार्क’ उभं केलं. त्यांच्याबरोबर वाजवणारा बर्नी लीडन पुढे ‘ईगल्स’ या रॉक बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला. ही गाणी दुसऱ्या कंपनीची, त्यामुळे या संग्रहात नाहीत. ही उणीव मला खटकते. एका भावाची गोष्ट मध्येच सुटते.

डगच्या जागी आला हर्ब पेडरसन. आणि 1968 मध्येच आली ‘व्हीटस्ट्रॉ स्वीट’. हिच्यात ड्रम आहेत, विजेवरची वाद्यं आहेत, मागे व्हायोलिनांचा ताफा आहे. ब्लूग्रासच्या कडव्या भक्तांनी नाकं मुरडली. पुढे कंट्री रॉकचा, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ‘कंट्री’ संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, इतिहास लिहिणाऱ्यांनीही याच ड्रमकडे आणि विजेकडे बोट दाखवलं. हा संग्रह क्रमानं ऐकताना मला मात्र वेगळंच जाणवतं. ड्रम काढून टाका, व्हायोलिनं काढून टाका, तरी हा बँड 1963 चा राहत नाही. बदललंय ते गळ्यांचं नातं. आधीच्या गाण्यांत रॉडनीचा आवाज पुढे असतो आणि वरचा सूर त्याच्या डोक्यावरून तीरासारखा जातो. दोन्ही आवाज वेगवेगळे ओळखता येतात. पेडरसन आल्यावर ते एकमेकांत विरघळतात. कुठला कुणाचा ते शोधावं लागतं. ईगल्सच्या गाण्यांतला जो गुळगुळीत, तिन्ही-चारही गळे एक झालेला सूर जगभर लाखोंनी ऐकला, त्याची पूर्वतयारी इथं झालेली दिसते. 1970 च्या ‘कॉपरफील्ड्स’मध्ये ते वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यांवर बीटल्सचं ‘यस्टरडे’ गातात. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

मग नाव का झालं नाही? कंट्रीवाल्यांना ते हिप्पी वाटले असावेत आणि रॉकवाल्यांना खेडवळ. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. 1972 मध्ये एल्टन जॉनच्या अमेरिकेतल्या दौऱ्यात त्याच्या आधी मंचावर येऊन ते वाजवत होते. संग्रह मात्र 1970 लाच थांबतो, म्हणून पुढची ‘रूट्स अँड ब्रांचेस’ वेगळी मिळवावी लागते. बहिरेपण वाढत गेल्यानं मिचला 1970 च्या दशकात बँड सोडावा लागला. मग त्यानं पुस्तकं लिहिली. ब्लूग्रासच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये डिलर्ड्सना 2009 मध्ये जागा मिळाली. मिच 2010 मध्ये गेला, डग 2012 मध्ये, डीन वेब 2018 मध्ये.

आता एक गाणं ऐकवतो. ‘व्हीटस्ट्रॉ स्वीट’मधलं, मूळ बीटल्सचं: ‘आय हॅव जस्ट सीन अ फेस’. बीटल्सनी 1965 मध्ये हे केलं तेव्हाच त्यात विजेची गिटार नव्हती, बेसही नव्हता. लिव्हरपूलच्या पोरांनी अमेरिकन डोंगराकडे डोळा ठेवून बांधलेली चाल होती ती. डिलर्ड्सनी ती उचलली तेव्हा त्यांना फार काही बदलावं लागलं नाही. बँजो ऐका, पण त्याहून जास्त लक्ष द्या ते एकत्र येणाऱ्या आवाजांकडे, आणि त्यांतला रॉडनी कुठला हे ओळखता येतंय का बघा.

(गाणे ऐकवले.)