उन्हाचा लेप व समुद्रांतील पोंवळीं



क्रिकेटच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंचीं चित्रें आपण पाहिलीं असतील. कित्येकांच्या नाकाओठांवर चुना फांसल्यासारखा पट्टा असतो. तो चुना नव्हे, जस्ताचें ऑक्साइड. कांजिण्या झालेल्या मुलाच्या अंगाला जें गुलाबी कॅलामाइन आपण लावतों, त्यांतहि हेंच द्रव्य असतें. तेव्हां ही वस्तु आपल्या घरांत पूर्वींच आलेली आहे. नवी आहे ती तिची जाहिरात.

सूर्यप्रकाशांतील जे जंबुपार किरण डोळ्यांस दिसत नाहींत, तेच कातडी भाजतात, सुरकुत्या आणतात व कांहीं कर्करोगांसहि कारण होतात. आमच्याकडे कोंकणांत जातांना मुलांस खोबरेल चोळण्याची चाल आहे. त्यानें हे किरण जवळजवळ अडत नाहींत. अडविणारीं मलमें दोन जातींचीं. एकींत ऑक्सिबेंझोनसारखीं कृत्रिम सेंद्रिय द्रव्यें, दुसरींत जस्ताचें किंवा टायटॅनियमचें ऑक्साइड. हीं खनिजें आरशाप्रमाणें किरण परतवितात असें सांगतात, तें अर्धेंमुर्धेंच खरें. बहुतेक किरण तीं शोषूनच घेतात. खरा भेद निराळा आहे. खनिजाचे कण कातडीवर बसून राहतात व पुरळ क्वचितच उठवितात. उलट ऑक्सिबेंझोन रक्तांत उतरतें, हें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याच्या संशोधकांस २०१९ सालीं आढळलें. उतरलें म्हणजे अपाय झालाच, असें सिद्ध नाहीं. तथापि नाजूक कातडीच्या मुलासाठीं मी तरी जस्ताचीच डबी उचलीन.

आतां समुद्राकडे वळूं. स्नान करणाऱ्यांच्या अंगावरील लेप पाण्यांत जातो. प्रयोगशाळेंत ऑक्सिबेंझोननें पोंवळ्यांच्या अळ्यांस इजा होते असें दिसल्यावर हवाई बेटांनीं २०१८ सालीं कायदा केला, व २०२१ पासून ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांची विक्री बंद केली. पलाऊ या लहानशा राष्ट्राची मनाई २०२० मध्येंच अमलांत आली. हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पोंवळीं आहेत, तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सुटींत मुंबई-पुण्याची मंडळी बुडी मारून तीं पाहतात.

पोंवळ्यांचा सर्वांत मोठा वैरी तापत चाललेलें पाणी आहे, मलम नव्हे, हें मात्र विसरतां कामा नये. शिवाय जस्तहि अगदीं निर्दोष नाहीं. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत थोडेथोडे विरघळून कांहीं समुद्रजीवांस बाधूं शकतात. 'नैसर्गिक' हा शब्दहि जपून घ्यावा. डबींतील ऑक्साइड कारखान्यांतूनच येतें, आणि 'पोंवळ्यांस सुरक्षित' या छापास सर्वमान्य कसोटी नाहीं. त्यापेक्षां डबीमागचीं बारीक अक्षरें वाचावीं.

सावळ्या अंगावर हा लेप राखेसारखा दिसतो, म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतात. कॅलामाइनला रंग देणारें लोहाचें ऑक्साइड मिसळलेलीं मलमें मिळतात, तीं घ्यावींत. गोरें करण्याची थाप जिच्यावर असेल ती डबी दुकानांतच राहूं द्यावी! 'एस. पी. एफ. ३०' म्हणजे भाजणाऱ्या किरणांचा सुमारें तिसावा हिस्सा आंत येतो; पण तो हिशेब जाड लेपाचा, आणि आपण लावतों पातळ. दर दोन तासांनीं व पोहून आल्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. पाण्यांत उतरतांना लांब बाह्यांचा सदरा अंगांत असला, म्हणजे मलम चेहरा, मान व पाय एवढ्यांपुरतेंच लागतें, आणि डबीहि चार दिवस अधिक पुरते.