हौशी छायाचित्रांचे परीक्षण : नाव कोठवर झाकावे?

(मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व हौशी छायाचित्रकार यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१८३९ साली १९ ऑगस्ट रोजी पॅरिस येथे छायाचित्रणाची कृती जगापुढे खुली करण्यात आली. त्या दिवसाच्या निमित्ताने, तसेच स्वातंत्र्यदिन, महाराष्ट्र दिन, पर्यटन दिन अशा प्रसंगी आपल्याकडे छायाचित्र स्पर्धा भरतात. पूर्वी ज्याच्या घरी कॅमेरा असे, तोच प्रवेशिका पाठवी. आज मोबाईलमुळे शेतमजुराचा मुलगा आणि नामांकित स्टुडिओचा मालक एकाच स्पर्धेत उतरू शकतात. ही मोठीच सामाजिक घटना आहे. परंतु निकाल लागला की मंडपाच्या कडेला एक वाक्य हमखास ऐकू येते: “हे आधीच ठरले होते.” हे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते. तरीही ते बोलले जाते, याचा अर्थ आपल्या पद्धतीत काहीतरी उणे आहे. ते उणे कोणते आणि ते कसे भरून काढावे, एवढाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हौशी कलावंताला छायाचित्रातून अर्थप्राप्ती होत नाही. ढाल, प्रमाणपत्र किंवा चार शब्दांची शाबासकी एवढेच त्याचे मिळकतीचे खाते. आपले काम कोणीतरी मनापासून पाहिले, हा विश्वास हीच त्याची खरी कमाई असते. तो विश्वास गेला की पुढील वर्षी तो प्रवेशिका पाठवीत नाही. शिवाय अशा स्पर्धांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने असतात. सार्वजनिक न्याय कसा असतो, याचा त्यांच्या आयुष्यातील पहिला अनुभव कदाचित आपली लहानशी स्पर्धाच देत असेल.

नावाचे वजन

महाराष्ट्राला छायाचित्रणाची परंपरा नवी नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. पुढे १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. १९५३ साली देशभरातील अशा संस्थांचा महासंघ झाला. या संस्थांच्या प्रदर्शन-स्पर्धांना ‘सलॉन’ म्हणतात. तेथील रूढ रीत अशी की, चित्र परीक्षकांपुढे येते, परंतु ते कोणाचे हे सांगितले जात नाही. प्रत्येक परीक्षक शेजाऱ्याशी न बोलता गुण देतो आणि ज्या विभागाचे परीक्षण करावयाचे, त्या विभागात तो स्वतःची प्रवेशिका देत नाही.

ही काळजी कशासाठी? कारण नावाला वजन असते. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. परंतु त्यांची आरंभीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ती त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. छायाचित्र तेच, त्यातील प्रकाश तोच. परंतु अपरिचित तरुणीच्या नावापेक्षा पुरुषाचे नाव छापणे त्या काळी सोयीचे वाटले. आपल्या गावातील स्पर्धेत एखाद्या मुलीच्या, एखाद्या वस्तीतील मुलाच्या किंवा एखाद्या आडनावाच्या बाबतीत हेच घडत नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

येथे एक खुलासा केला पाहिजे. नाव झाकण्याची सूचना परीक्षकाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी नाही. परीक्षा मंडळाची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही. त्यामुळे शिक्षकाचा अपमान झाला असे आपण मानीत नाही. उलट, निकालानंतर कोणी बोट दाखविले, तर तीच व्यवस्था शिक्षकाच्या पाठीशी उभी राहते. छायाचित्र स्पर्धेच्या परीक्षकालाही हे संरक्षण मिळाले पाहिजे.

जेथे सारे एकमेकांना ओळखतात

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. मुकुंदवाडी आज शहराच्या पूर्व भागात सामावलेली आहे. जवळून जालना रस्ता जातो आणि रेल्वेचे स्वतंत्र स्थानकही आहे. तरी जुन्या गावाचे नातेसंबंध अद्याप टिकून आहेत. अशा ठिकाणी चित्रावरील नाव झाकले, तरी चित्रच बोलते. अंगणातील तुळशीवृंदावन कोणाचे, ओट्यावर बसलेली आजी कोणाची, स्थानकावर गाडीची वाट पाहणारे गृहस्थ कोण, हे परीक्षकाला क्षणात कळते. खेड्यांत तर याहून अधिक.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी या अडचणीचा अनुभव घेतलेला आहे. वादकाची निवड पडद्याआडून वादन ऐकून करावी, ही प्रथा अमेरिकेत १९७० नंतर बरीच पसरली. तेव्हा ध्यानात आले की चालताना होणाऱ्या पादत्राणांच्या आवाजावरून आत आलेली व्यक्ती स्त्री की पुरुष याचा अंदाज येतो. म्हणून काही ठिकाणी वाटेवर गालिचा अंथरण्यात आला. आपल्यालाही असे गालिचे अंथरावे लागतील.

पहिला उपाय म्हणजे तीनपैकी किमान दोन परीक्षक गावाबाहेरचे, शक्यतो अन्य तालुक्यातील असावेत. दुसरा असा की, चित्र कोणाचे हे ओळखू आले तर परीक्षकाने तसे सांगून त्या प्रवेशिकेपुरते गुण देऊ नयेत आणि उरलेल्यांच्या गुणांची सरासरी धरावी. ज्या ठरावात स्वतःचा हितसंबंध आहे, त्यावेळी दूर राहावे, हा संकेत पंचायत सदस्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

नाव कोठेकोठे लपलेले असते

नाव झाकणे हे वाटते तितके सोपे काम नाही. छापील चित्राच्या पाठीवर सही असते, स्टुडिओचा शिक्का असतो. मोबाईलवरून पाठविलेल्या चित्राच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव उमटविलेले असते. फाईलला स्वतःचेच नाव दिलेले असते. याखेरीज डिजिटल फाईलच्या पोटात न दिसणारी नोंद असते: कॅमेऱ्याचा प्रकार, दिनांक, वेळ, काही वेळा स्थळ आणि कॅमेऱ्याच्या मालकाचे नावही.

यासाठी निविदेतील दोन लिफाफ्यांची पद्धत आपणास ठाऊक आहेच, तिचा उपयोग करावा. एका पाकिटात नाव, पत्ता, वय आणि चित्र स्वतः काढल्याचे निवेदन असावे. दुसऱ्यात केवळ चित्र. परीक्षणाशी संबंध नसलेल्या एकाच व्यक्तीने दोहोंवर सारखा सांकेतिक क्रमांक घालावा, नोंदवही आपल्या ताब्यात ठेवावी आणि पहिले पाकीट बंद करावे. डिजिटल प्रवेशिका असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि परीक्षकांना क्रमांकाचे नाव दिलेली, आतील नोंदी काढून टाकलेली प्रत द्यावी. निकालापूर्वी चित्र गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये, अशी अटही नियमावलीत असावी. समूहावरील पसंतीच्या अंगठ्यांवर क्रमांक ठरविणे तर सर्वथा टाळावे. त्यात चित्राची नव्हे, गोतावळ्याची मोजणी होते.

अनामिकतेची मर्यादा

मात्र नाव झाकले म्हणजे सर्व कार्य झाले, असेही नाही. २००९ सालच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या लंडनच्या विख्यात स्पर्धेत, फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे चित्र सर्वोत्तम ठरले. तो लांडगा बहुधा रानातला नसून माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी पुढे काढला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. २०२३ साली सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांच्या खुल्या स्पर्धेत जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन यांची कृती एका विभागात निवडली गेली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तयार केलेली आहे, असे सांगून त्यांनी स्वतःच पारितोषिक नाकारले. अशा स्पर्धा सावध आहेत का, हे आपल्याला पाहावयाचे होते, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन्ही घटनांचा बोध एकच. चित्र सुंदर आहे की नाही, हे नाव न कळता ठरविता येते. ते खरे आहे की नाही, हे ठरविण्यासाठी मात्र ते कोणी, कोठे, कसे काढले याची चौकशी करावीच लागते. म्हणून नाव केवळ परीक्षकापासून झाकावे. आयोजकाकडे ते पक्के नोंदलेले असावे. गुण पडल्यानंतर आणि निकाल जाहीर होण्यापूर्वी, वरच्या क्रमांकांच्या प्रवेशिकांची मूळ फाईल व त्याच वेळी काढलेली मागची-पुढची चित्रे मागवून पडताळणी करावी. ही पडताळणी सर्वांची सारखी व्हावी. नामवंतावर विश्वास आणि शाळकरी मुलावर संशय, असे झाले तर दाराबाहेर घालविलेला पक्षपात खिडकीतून आत येईल.

गुणांची बेरीज

पुष्कळदा अन्याय नावामुळे होत नाही, बेरजेमुळे होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहापैकी गुण देणारे तीन परीक्षक आहेत. पहिल्या चित्राला त्यांनी अनुक्रमे ७, ७ आणि २ गुण दिले; बेरीज १६. दुसऱ्या चित्राला ६, ६ आणि ९ दिले, बेरीज २१. तिघांपैकी दोघांच्या मते पहिले चित्र सरस आहे, तरी दुसरे पाच गुणांनी पुढे जाते. एक परीक्षक गुणांची सारी पट्टी वापरतो आणि इतर दोघे मधल्या घरांतच राहतात, त्यामुळे एकट्याचे मत दोघांवर भारी पडते. यात कोणाची लबाडी नाही. तरी निकाल एकट्याचा झाला.

यावर सोपा उपाय आहे. आरंभी चार-पाच नमुना चित्रे दाखवून गुणांची पट्टी सर्वांनी सारखी समजून घ्यावी. दोन परीक्षकांच्या गुणांत तीनपेक्षा अधिक अंतर पडले, तर ते चित्र तिघांनी पुन्हा पाहावे. अखेरच्या दहा चित्रांना गुण न देता प्रत्येकाने स्वतंत्रपणे क्रम लावावा. चर्चा करावयाची असल्यास ती कागदावर मत नोंदविल्यानंतर करावी, म्हणजे वयाने वा अधिकाराने मोठ्या परीक्षकाच्या शब्दाकडे पाहून इतरांचे मत वळणार नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एका नावाचे वजन पडते, ते म्हणजे स्थळाचे नाव. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा यांची चित्रे समोर आली की मन आधीच नम्र होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात या लेण्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हापासून कॅमेरे तिकडे वळलेले आहेत. परंतु कैलास लेण्याचे सौंदर्य हे त्याच्या शिल्पकारांचे श्रेय आहे. छायाचित्रकाराने त्यात स्वतःचे काय पाहिले, तेवढ्यालाच गुण मिळावयास हवेत. या न्यायाने जिल्हा परिषद शाळेतील मुलीने आईच्या मोबाईलवर टिपलेला हातपंपावरचा प्रकाश कैलासासमोर उभा राहू शकतो. निकष आधी छापून प्रसिद्ध केले, तरच हे शक्य होईल.

नाव परत देणे

निकाल लागला की झाकलेले नाव उघडे करणे, हे आयोजकाचे कर्तव्य आहे आणि येथे आपण सर्वांत कमी पडतो. स्पर्धेसाठी आलेली चित्रे पुढे दिनदर्शिकेत, स्मरणिकेत, कार्यालयाच्या भिंतीवर झळकतात. खाली नाव नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ता असते. आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा हक्क कायद्याने तिला दिलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील स्वामित्वहक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. ‘प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील’ असे एक वाक्य नियमावलीत घालून साऱ्यांचे हक्क घेणे शोभादायक नाही. कोणते चित्र, कोठे, किती काळ वापरणार हे स्पष्ट लिहावे आणि प्रत्येक वेळी नाव छापावे.

निकालाबरोबर परीक्षकांची नावे, आलेल्या प्रवेशिकांची संख्या आणि सांकेतिक क्रमांकानुसार गुणपत्रक सूचनाफलकावर लावावे. आक्षेपासाठी आठ दिवसांची मुदत ठेवावी आणि आक्षेपाला लेखी उत्तर द्यावे. ज्यांना पारितोषिक मिळाले नाही, त्यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना परीक्षकाने आपल्या चित्राविषयी दोन वाक्ये सांगावीत. गुण का मिळाले नाहीत हे कळले, की पराभूत स्पर्धक रागाऐवजी शिकण्याकडे वळतो.

या साऱ्याला मोठा खर्च नाही. एक नोंदवही, दोन प्रकारची पाकिटे, बाहेरगावच्या परीक्षकांचे प्रवासभाडे आणि आयोजकांचा थोडा निग्रह एवढ्यावर हे भागते. आपल्या शाळांनी आणि पंचायतींनी येत्या स्पर्धेपासून एवढी शिस्त पाळली, तर निकालाविषयी बोलणाऱ्यांना फलकाकडे बोट दाखविता येईल आणि हरलेला मुलगाही पुढील वर्षी आपले चित्र घेऊन येईल.