लाइट गेल्यावरची वीज

वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावच्या 3 मेगावॅट सौर प्रकल्पाचे लोकार्पण 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधल्या, एकूण 19 मेगावॅटच्या पाच प्रकल्पांपैकी हा एक. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला पावणेचार किलोवॅट लागतात. म्हणजे कडक उन्हात यावर कागदोपत्री आठशे मोटारी चालाव्यात. वीज जवळच तयार होऊन शेतीच्या फीडरवर जाते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळती वाचते आणि साप-विंचवाच्या भीतीत रात्रीचे पाणी देणे टळते. पण एवढ्याने गाव विजेच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. मुख्य लाइन गेली की अशा प्रकल्पाचे इन्व्हर्टर भर उन्हातही आपोआप बंद होतात. ते बंद व्हायलाच हवेत. नाहीतर लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. मायक्रोग्रिडचे काम इथून पुढे सुरू होते. लाइन गेली की ते मुख्य जाळ्यापासून स्वतःला तोडून घेते, बॅटरीच्या आधाराने आपल्या हद्दीपुरती वीज चालू ठेवते आणि लाइन आली की पुन्हा जोडले जाते.

बॅटऱ्या परवडतील का, हा आक्षेप रास्त आहे. पण मोटारींसाठी बॅटरी लागतच नाही. दुपारी उपसलेले पाणी शेततळ्यात साठवता येते. ज्यांना थांबता येत नाही अशा गोष्टी मोजक्याच: दवाखान्यातला लसींचा फ्रीज, प्रसूतीच्या खोलीतले दिवे, पिण्याच्या पाण्याचा पंप. त्यांना वीस किलोवॅट चार तास द्यायचे तर 80 युनिट पुरतात. 3 मेगावॅटचा प्रकल्प स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा हजारांच्या आसपास युनिट देतो. त्याचा हा शंभरावा हिस्साही नाही. खरी अडचण वेगळीच आहे. दवाखाना असतो गावठाणच्या फीडरवर आणि ही सौर वीज जाते शेतीच्या फीडरवर. म्हणून दवाखाना, शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या छपरांवर पॅनेल बसवून त्यांचेच छोटे जाळे करणे अधिक व्यवहार्य.

ते सांभाळणार कोण, हा दुसरा प्रश्न. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 साली ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने सुमारे साडेनऊ किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड उभारले. घरोघरी मीटर बसले आणि बिलाच्या वसुलीसह देखभालीची जबाबदारी गावानेच उचलली. तिथे महावितरणची लाइनच पोचलेली नव्हती, म्हणून लोक पैसे द्यायला तयार झाले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. लाइन असलेल्या गावात लोक विजेचे पैसे दोनदा देणार नाहीत. म्हणूनच इथला खर्च घराघरावर न टाकता पाणीपुरवठा आणि आरोग्य या सार्वजनिक कामांच्या खर्चात धरला पाहिजे, आणि बॅटरी बदलण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. प्रकल्प किती मेगावॅटचा, हे आपण विचारतोच. लाइन गेल्यावर दवाखाना किती तास चालेल, हेही आता ग्रामसभेने विचारावे.