शुगर नॉर्मल, पण इन्सुलिनचं काय?

तपासणीचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी साखरेच्या आकड्यावर जाते. उपाशीपोटीची साखर १००च्या आत दिसली की जीव भांड्यात पडतो. साखर नॉर्मल असणं चांगलंच आहे. पण ती नॉर्मल ठेवायला शरीराला किती कष्ट पडताहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

जेवल्यावर रक्तात साखर येते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्याच्या मदतीने ती साखर स्नायूंमध्ये शिरते. काही जणांचे स्नायू आणि यकृत मात्र इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. अशा वेळी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. घरातला एकच कर्ता माणूस ओव्हरटाइम करून खर्च भागवत असला, तरी शेजाऱ्यांना घर सुरळीत चाललेलंच दिसतं. तसंच हे. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते. स्वादुपिंड थकलं की मग साखर वाढते.

तुम्ही म्हणाल, हे जाड माणसांचं दुखणं, आम्ही तर सडपातळ! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा.

आता भुकेकडे वळू. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण तिचा हिशोब मेंदू ठेवतो. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असं मेंदूला कळवतात. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून येणारं घ्रेलिन सापडलं. ते भूक चेतवतं. आतड्यातून निघणारं जीएलपी-१ ‘आता पुरे’ म्हणतं. सध्या गाजत असलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं याचीच नक्कल करतात. इन्सुलिनही मेंदूला तृप्तीचा निरोप देतं.

चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. साठा भरलेला आणि मेंदूला मात्र तो कमीच वाटतोय, अशी ही अवस्था. म्हणून सतत भूक लागणाऱ्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ असं हिणवू नये. त्याची भूक खरी असते.

झोपेचाही यात हात आहे. २००४ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपेच्या मानाने त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि भूक सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढली. रात्री उशिरापर्यंत टीव्ही आणि मोबाइल बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? चालताना स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही साखर ओढून घेतात. त्यामुळे जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली म्हणजे थकलेल्या स्वादुपिंडाला मिळालेली सुट्टीच. स्नायू हेच साखरेचं मोठं कोठार, म्हणून थोडा ताकदीचा व्यायामही हवा. ताटात आधी कोशिंबीर, उसळ, वरण आणि मग भात-पोळी घेतली, तर साखर सावकाश चढते आणि पोटही लवकर भरल्यासारखं वाटतं.

आणखी एक खूण सांगतो. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी त्वचा दिसली, तर अनेक घरांत तो मळ समजून मुलांची मान घासली जाते. तो मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. त्या मुलाला रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्या. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा पोटाचा घेर वाढला असेल, तर साखर नॉर्मल असतानाच डॉक्टरांशी बोला. सावरायला तीच वेळ सोयीची असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)