तीनशे रुपये कुठे गेले?



मागच्या उन्हाळ्यात उमरेडकडच्या एका बचत गटाचा हिशोब आम्ही वहीतून कॉम्प्युटरवर घेत होतो. बारा बाया, प्रत्येकीची बचत १०० रुपये. बेरीज यायला हवी १२००. कॉम्प्युटरने दाखवले ९००! सगळ्या जणी सचिव ताईकडे बघायला लागल्या. पेटीत पैसे पूर्ण होते, तरी तिचा चेहरा उतरला.

वहीत आपण रकमेपुढे रेघ मारतो ना, १००/- अशी? तीन रकमा तिने तशाच टाईप केल्या होत्या. त्या रेघेमुळे कॉम्प्युटर तो आकडा धरत नाही, मजकूर धरतो आणि बेरजेत सोडून देतो. चूक झाली असंही सांगत नाही. खूण एवढीच, की आकडा चौकटीत उजवीकडे राहतो आणि मजकूर डावीकडे. ही खूण सातवी शिकलेल्या काकूंना दिसली. मी बीए, बघतच राहिले.

आम्ही वापरतो ते लिब्रेऑफिस कॅल्क. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं आणि कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतं. त्याची माहितीपुस्तकं जगभरचे स्वयंसेवक लिहितात. त्यांना आपली ही रेघ कशी माहीत असणार? पण गटांसाठीचं मराठी पान तर मीच लिहिलं होतं. त्यातही ती नव्हती.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प अशाच सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे बनवतो, मराठीतही. रेकॉर्डिंगच्या आधी धड्याची संहिता नवख्या माणसाकडून करून बघतात. तो अडला तर संहिता बदलायची. आम्हीही तेच केलं. काकूंच्या हाती पान दिलं आणि मी गप्प बसले. (फार कठीण गेलं हो.) त्या चार ठिकाणी थांबल्या. ‘फाईल सेव्ह करा’ लिहिलं होतं, पण कुठे आणि कोणत्या नावाने, ते नव्हतंच. आता आहे.

रेघेची गोष्ट मूळ पुस्तकातही जावी म्हणून टिपण लिहिते आहे. इंग्रजीला पोरगी मदत करते.

नवं पान या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाला मिळेल. अडलात तर मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा: काय टाईप केलं, समोर काय दिसलं. शुद्धलेखन बघणार नाही. पान मला परत द्या.