चीज आणि मूत्रपिंडाचे पथ्य

मूत्रपिंडे दुबळी झाली की लोणचे-पापड सुटतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण चीजवर फुली का, असे रोग्याने विचारले म्हणजे घरची मंडळी गप्प बसतात.

कारण सोपे आहे. किलोभर घट्ट चीज करायला साधारण १० लिटर दूध लागते. दुधातला फॉस्फरस त्यात एकवटतो, वर मीठ पडते. १०० ग्रॅम चेडर चीजमध्ये सुमारे ५०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ६०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. निरोगी मूत्रपिंड जादा फॉस्फरस लघवीवाटे टाकून देते. ते थकले की तो रक्तात साचतो. मग हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात.

चकत्यांचे प्रक्रिया केलेले चीज तर आणखी जपून घ्यावे. ते नीट वितळावे म्हणून त्यात बहुधा फॉस्फेटचे क्षार घालतात. दुधातला फॉस्फरस सगळाच अंगात शोषला जात नाही. हे क्षार मात्र जवळजवळ सगळे शोषले जातात. वेष्टनावर ३३९ किंवा ४५० ते ४५२ हे आकडे दिसले, तर डबा खाली ठेवा.

मग चीज कायमचे बंद? तसे नाही बरे! फॉस्फरसची मर्यादा अनेकदा दिवसाला ८०० ते १,००० मिलिग्रॅम घालतात. त्यात १० ग्रॅम किसलेले चेडर, म्हणजे ५० मिलिग्रॅम, बसू शकते. त्या दिवशी दूध-दही तेवढे कमी घ्यावे. मात्र प्रत्येकाची मर्यादा वेगळी. रक्ततपासणी दाखवून ती आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

आणि रोग्याला कारण सांगा. कारण पटलेला माणूस सहसा चोरून खात नाही.